फ्यूज गेला, बरं झालं!

आमच्याकडं वारशानं दोनच गोष्टी आल्या. एक वडिलांचा मधुमेह आणि दुसरी मामांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. पहिल्याला निदान पथ्य तरी आहे.

मामा तिला 'स्पोर्ट्स कार' म्हणत. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लटकलेला गिअरचा दांडा आणि मागून ढकलायला गल्लीतली चार पोरं, एवढ्या सामग्रीत खेळ व्हायचा तो पोरांचा. पण मामांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीनं ही गाडी कुर्ल्यात बनवली खरी, पण तिचं माहेर इटलीचं, फियाटचं. त्याच फियाटनं १९६६ साली १२४ स्पायडर नावाची खरीखुरी स्पोर्ट्स कार काढली. ती दिसायला अप्सरा आणि आमची पद्मिनी दिसायला मुख्याध्यापिका. पण दोघींच्या फ्यूजची जात एकच. श्रीमंत नातेवाइकांशी आपलं साम्य निघतं ते असं दुखण्यात.

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेहून वडूजला परतताना रात्री नऊला दिवे गेले. रस्त्यावरच्या एका परोपकारी गृहस्थानं फ्यूज काढला, सिगरेटच्या पाकिटातली चांदी त्याच्याभोवती गुंडाळली आणि परत बसवला. लख्ख उजेड! "आता जन्मात जायचा न्हाई," असा आशीर्वादही दिला. तो खरा ठरला, हीच पंचाईत झाली.

पंधराएक दिवसांनी सौ. म्हणाली, "अहो, कुणाचं तरी रबर जळतंय." मी काचेतून आजूबाजूची वाहनं तुच्छतेनं न्याहाळली. वास आमच्याच पायाशी होता.

मिस्त्रीनं पॅनेल उघडलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की डॉक्टर दारुड्याच्या लिव्हरकडंही तसं बघत नसेल. "सायेब, फ्यूज मेला तर गाडी वाचती. तुमी त्याला मरूबी दिलं न्हाई!"

या गाड्यांतला फ्यूज म्हणजे चिनी मातीची एक कांडी. दोन्ही टोकं निमुळती, अंगावरून धातूची बारीक पट्टी. विजेचा लोंढा जास्त आला की पट्टी वितळते आणि वाट बंद होते. एडिसननं १८९० साली फ्यूजचं पेटंट घेतलं. माणसानं शोध पुष्कळ लावले, पण वेळेवर मोडून पडणं हेच ज्याचं कर्तव्य, असा शोध विरळा. आणि आपण काय म्हणतो? "फ्यूजनं दगा दिला!" दगा वायरिंगनं दिलेला असतो; फ्यूजनं फक्त तोंडावर सांगितलेलं असतं.

पण मिस्त्री पुढं जे बोलला ते मला जास्त लागलं. "चांदीचा दोष हायेच. पर मूळ दुखणं पॅनेलचं." ती कांडी दोन पितळी पात्यांच्या चिमट्यात बसते. वर्षं गेली की पाती सैल पडतात, हिरवी होतात. मग वीज तिथं अडखळते आणि तिथंच उष्णता धरते. प्रवाह मर्यादेतच असतो, त्यामुळं चांगला फ्यूजसुद्धा गप्प बसतो आणि खालची बैठक मात्र हळूहळू वितळत जाते. म्हणजे नुसता फ्यूज प्रामाणिक असून भागत नाही. त्याला घट्ट धरून ठेवणारं कुणीतरी लागतं.

वडूजच्या कचेरीवर १९४२ च्या सप्टेंबरात मोर्चा नेऊन गोळ्या झेललेल्या माणसांच्या गावात आम्ही राहतो. त्यांचं नाव या आठ अँपियरच्या कांडीशेजारी घ्यायची माझी हिंमत नाही. मी आपली माझी गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाखेत होतो. एक तरुण वडिलांच्या सहीची विथड्रॉवल स्लिप घेऊन आला. सही जुळत नव्हती. मी स्लिप बाजूला ठेवली. आतून आवाज आला, "अहो, ओळखीचे आहेत. घ्या चालवून." मागं रांग होती, जेवणाची वेळ झाली होती आणि मी बी.कॉम. होतो, हरिश्चंद्र नव्हतो. मी शिक्का मारला. लख्ख उजेड पडला. मुलगा खूश, साहेब खूश, रांग पुढं सरकली.

आठवड्यानं म्हातारे वडील पासबुक भरून घ्यायला आले. नोंदीवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरानंच नेलं ना? मग असू द्या." पासबुक धोतराच्या कनवटीला लावून गेले. तक्रार नाही, चौकशी नाही. काहीच पेटलं नाही. नुसता वास राहिला, तो मला अजून येतो.

इतकी वर्षं मी स्वतःला सोडवत आलो, की पॅनेलच सैल होतं, बिचारा फ्यूज काय करणार? हिशेब बराच जुळतो. पण पुरता जुळत नाही. अंगाभोवती चांदी मी माझ्या हातानं गुंडाळून घेतली होती.

असो. मिस्त्रीनं जुनं पॅनेल काढून नवं बसवलं, चपट्या फ्यूजचं. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. साताऱ्याचे एक शौकीन मित्र हळहळले, "अरे, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ साली गेली. आता उरलेल्या तरी अस्सल ठेवा. गाडी बाटवलीस!" मी म्हटलं, अस्सलपणानं जळण्यापेक्षा बाटून चाललेली बरी.

गेल्या महिन्यात आमच्या शाखेतल्या नव्या पोरानं अशीच एक स्लिप अडवली. समोरचे गृहस्थ वजनदार. आवाज चढला, रांग कुरकुरली. पोरानं भोवती बघितलं. मी टेबलावरून उठलो आणि त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो. बोललो काहीच नाही. बोलण्यासारखं मला सुचतही नाही. गृहस्थांनी आमच्या दोघांच्या कुळांचा उद्धार केला आणि स्लिप घेऊन गेले.

"काका, तुम्ही कशाला उठलात?" पोरानं विचारलं.

"पाय आखडला होता," मी म्हणालो आणि पासबुकांच्या गठ्ठ्याकडं वळलो.