अनाहूत श्रोता

भागवतातील कंसाच्या कथेत आकाशवाणी होते ती एकट्या कंसाला उद्देशून. परंतु ज्या रथाचे लगाम त्याच्या हाती आहेत त्याच रथात देवकी आणि वसुदेव बसलेले आहेत, आणि त्या वाणीचे मोल पुढे सर्वांत अधिक त्यांनाच द्यावे लागते. वाणी ज्याला उद्देशून उच्चारली जाते तो आणि ती ज्याच्या कानी पडते तो, हे दोघे एक असतीलच असे नाही. भारतीय नभोवाणीने हेच पौराणिक नाव धारण केले तेव्हा कथेतील ही अडचणही तिच्या वाट्याला आली. जे आपल्याला उद्देशून नाही ते ऐकणाऱ्याचे त्या ऐकण्याशी नैतिक नाते कोणते, असा हा प्रश्न आहे. साहित्यविचारात 'अभिप्रेत वाचका'ची चर्चा पुष्कळ झाली. अनाहूत श्रोता मात्र त्या संकल्पनेत सहजी बसत नाही.

सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. पुढे साताऱ्यालाही स्थानिक केंद्र मिळाले. या पट्ट्यातील विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांमधील एखादा श्रवणदिवस डोळ्यांसमोर आणावा. पहाटेची भक्तिगीते, सात वाजण्यास पाच मिनिटे असताना दिल्लीहून येणारी संस्कृत वार्तापत्रे, सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या, मग एखादी बंदिश किंवा नाट्यपद, दुपारी स्त्रियांसाठीचा कार्यक्रम, सायंकाळी हवामान, बाजारभाव, पिकांविषयीचा सल्ला आणि रात्री कधी भाषण, कधी श्रुतिका. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीच्या संदर्भात 'प्रवाह' ही संकल्पना मांडली : प्रेक्षकाच्या अनुभवाला येते ती सुटी कलाकृती नव्हे, तर एकातून दुसऱ्यात मिसळणारी सलग मालिका. आकाशवाणीच्या या दिवसाला ती संकल्पना अर्धीच लागू पडते. येथे मिसळणे नाही, सांधे उघडे आहेत. उद्घोषक प्रत्येक वेळी श्रोत्याला नव्याने नाव देतो : आता शेतकरी बंधूंसाठी, आता बालमित्रांसाठी, आता कामगारांसाठी. प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःचा अभिप्रेत श्रोता आहे. समग्र दिवसाला तो नाही. दिवसभर ऐकणारा माणूस बहुतेक वेळ दुसऱ्याच्या पंगतीत बसलेला असतो.

या प्रदेशात ही गोष्ट केवळ तात्त्विक राहत नाही. कृष्णाकाठचा कराड-वाळव्याचा मुलूख उसाचा. माण, खटाव, आटपाडी, जत हा पूर्वेकडचा मुलूख अवर्षणाचा, शाळूचा, मेंढपाळांचा. ध्वनिलहरींना ही सीमारेषा ठाऊक नसते. आडसाली उसाची लागण केव्हा करावी, खोडव्याला पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यावी, हे वाळव्याच्या शेतकऱ्याला सांगणारा आवाज जतच्या शेतकऱ्याच्या ओसरीवरही तितकाच स्पष्ट उमटतो. ज्याच्या विहिरीने तळ गाठला आहे तो पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक ऐकतो. हे ऐकणे म्हणजे माहिती नव्हे. तिचा त्याला उपयोग नाही. ते मनोरंजनही नव्हे. मग ते काय आहे?

याचे एक प्रचलित उत्तर स्मरणरंजनाच्या सुरात दिले जाते. सर्वांनी सर्वांचे ऐकले, म्हणून समाज एक राहिला. 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' हे ब्रीद त्या काळी खरे झाले. आज जो तो आपापल्या आवडीचे ऐकतो आणि म्हणून जो तो एकटा पडला आहे. या उत्तरात तथ्यांश आहे. आपल्या कार्यक्रमाची वाट पाहताना दुसऱ्याच्या विषयातून जावे लागणे ही एक शिस्त होती, आणि तिने पुष्कळांना बाजारभावांच्या पलीकडची हळद व संगीत नाटकाच्या पलीकडचा ख्याल दाखवला. परंतु ती शिस्त पर्याय नसल्याने आलेली होती, ही गोष्ट हे उत्तर सोयीस्करपणे विसरते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हणेपर्यंत, आणि व्यवहारात त्यानंतरही काही काळ, नभोवाणी शासनाच्या मुठीत होती. आणीबाणीत तीच सलग, सर्वसमावेशक वाणी काय बोलली आणि कशाविषयी गप्प राहिली हे सर्वविदित आहे. संच बंद करणे एवढेच ज्याच्या हाती होते त्याच्या सहिष्णुतेला सद्गुण म्हणावे काय? ज्याला उठून जाता येत नाही त्याचे बसून राहणे म्हणजे अगत्य नव्हे.

येथे १९५६ सालच्या एका प्रयोगाचा दाखला महत्त्वाचा ठरतो. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळे स्थापन केली. त्यांत उत्तर सातारा हा जिल्हा होता. (जुन्या साताऱ्याचे विभाजन १९४९ साली झाले, दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले ते १९६० साली.) आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत, आणि आपले प्रश्न व आक्षेप केंद्राकडे पाठवत, त्यांची उत्तरे पुढील प्रसारणात येत. पॉल न्यूरथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत केलेल्या मूल्यमापनातून निघालेली गोष्ट बोलकी आहे. मंडळे असलेल्या गावांत श्रोत्यांचे ज्ञान लक्षणीय वाढले. ज्या गावांत संच होता पण मंडळ नव्हते तेथे वाढ अल्प होती. आवाज दोन्ही ठिकाणी तोच होता. ब्रेख्त यांनी १९३२ साली नभोवाणीकडून अशी अपेक्षा केली होती की तिने श्रोत्याला ऐकवावे तसे बोलतेही करावे. साताऱ्याच्या खेड्यांत ती अपेक्षा, मर्यादित अर्थाने का होईना, काही आठवडे प्रत्यक्षात आली.

तेव्हा ऐकण्याचे नैतिक मूल्य ऐकण्यात नाही, त्यातून उत्पन्न होणाऱ्या उत्तरदायित्वात आहे. दुसऱ्याचा विषय कानी पडणे ही केवळ सामग्री. 'यावर माझे म्हणणे काय' असे विचारले जाण्याची शक्यता असली तरच अनाहूत श्रोता साक्षीदार होतो, एरवी तो चोरून ऐकणाराच राहतो. या निष्कर्षालाही एक कुसळ आहे. सार्वजनिक संच चावडीत किंवा देवळात ठेवला की आवाज भिंतीपलीकडे जातो, बैठक जात नाही. ओसरीवर कोणी बसायचे, पायरीशी कोणी आणि उंबऱ्याआड उभे राहून कोणी ऐकायचे, हे आवाजाने नव्हे तर गावाने ठरवलेले असे. उत्तर देण्याचा अधिकार बैठकीबरोबर येत असेल, तर ज्यांना बैठकच नव्हती त्यांचे ऐकणे दुहेरी अनाहूत होते. नभोवाणीला लोकशाहीचे माध्यम म्हणताना ही बाब सहसा नजरेआड होते.

अनाहूत श्रवणाची खरी कसोटी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांपलीकडे गेली होती. त्याच पावसाळ्यात जत-आटपाडीकडे, आणि शेजारच्या माणमध्ये, टँकर सुरू होते. एकाच जिल्ह्याच्या वार्तांमध्ये पुलाची फुटांतील पातळी आणि टँकरच्या खेपा एकापाठोपाठ येत होत्या. पूरग्रस्ताला टँकरचा उपयोग नव्हता आणि छावणीतल्याला पुलाच्या पातळीचा. तरी दोन्ही बातम्यांतील पाणी एकाच खोऱ्याच्या नियोजनाचे होते : धरणातून केव्हा, किती आणि कोणाकडे सोडायचे, या निर्णयांचे. संचाच्या काळात या दोन बातम्या दोघांनाही सक्तीने ऐकाव्या लागल्या असत्या. आता भ्रमणध्वनीवर जो तो आपल्या तालुक्यापुरते ऐकू शकतो, ऐकवू शकतो, उत्तरही देऊ शकतो. मात्र ज्याने पुलाची पातळी ऐकलीच नाही त्याच्याजवळ तिच्याविषयी देण्यासारखे उत्तर कोणते असणार, आणि ज्याने टँकरची खेप कधी ऐकली नाही त्याच्याकडून खोऱ्याच्या पाणीवाटपाविषयी मत कोणत्या आधारावर मागायचे, याचा विचार ब्रेख्त यांच्या मांडणीत नाही. तो १९५६ च्या मंडळांच्या कार्यपद्धतीत आहे : तेथे आधी सर्वांनी एकच कार्यक्रम ऐकावा लागे, आणि मगच बोलण्याची पाळी येई.