वाचवलेला रुपया कोणाच्या हिश्श्यातला?

पवित्र कुरआनने खर्चाविषयी सांगताना हाताचे उदाहरण दिले आहे. हात मानेला बांधून ठेवू नका आणि तो अगदी सैलही सोडू नका, असा सूरह बनी इस्राईलच्या २९व्या आयतीचा आशय आहे. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांची ओळख सांगताना हाच विषय पुन्हा येतो. ते उधळपट्टी करीत नाहीत आणि कंजूषीही करीत नाहीत, त्यांचा मार्ग या दोहोंमधला असतो. ही ६७वी आयत कोठे आली आहे, ते वाचकांनी जरूर पाहावे. तिच्या आधी रात्री सजद्यात घालवणाऱ्यांचे वर्णन आहे आणि तिच्यानंतर शिर्क व मनुष्यहत्या यांपासून दूर राहणाऱ्यांचे. या दोन महान गोष्टींच्या मध्ये अल्लाहने आपला रोजचा बाजारहाट आणून ठेवला आहे. तेव्हा भाजीची पिशवी घेऊन निघालेला माणूस दीनच्या बाहेर पडलेला नसतो.

यावरून एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. जी गृहिणी महिन्याच्या किराणा मालाची यादी करून दुकानात जाते, उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करते, थोरल्याचा गणवेश धाकट्यासाठी आत घेऊन शिवते, तिला कोणी चिक्कू म्हणू नये. ती इस्राफपासून घराचे रक्षण करीत असते. आखातात घाम गाळून पैसे पाठवणाऱ्या मुलाच्या कमाईचा एकेक दिरहम तिच्या हाती अमानत असतो, आणि अमानत जपून वापरणे हे पुण्यकर्मच आहे.

या जपण्यात थोडा हिशेबही हवा. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळावा म्हणून कंपनी त्यातले वजन गुपचूप कमी करते. किंमत तीच दिसते आणि आपण समाधानी राहतो. आता बहुतेक बंद पाकिटांवर दर ग्रॅममागे किंवा दर मिलीलीटरमागे किंमत छापण्याचे बंधन आहे. ती बारीक अक्षरे वाचली की मोठे पाकीट नेहमीच स्वस्त नसते, हे कळते. छापील कमाल किमतीहून एक रुपयाही जास्त मागितला, तर ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तसेच रायगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या महाडच्या बाजारात केवळ 'तिथे स्वस्त मिळते' म्हणून जाणाऱ्याने येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्या स्वस्ताईत मिळवून पाहावी. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाल्याने हे गणित काहीसे बदलले आहे, पण बुडालेला दिवस अजून पूर्णच मोजावा लागतो.

एवढे सर्व उत्तम. खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. आपण वाचवलेला रुपया आला कोठून? तो आपल्या हौसेतून आला, आपल्या आळसातून आला, की दुसऱ्याच्या हिश्श्यातून आला?

हा प्रश्न हिरकणीवाडीत जितका उघडा दिसतो तितका क्वचितच कोठे दिसत असेल. १९९६ साली येथून रोपवे सुरू झाला आणि ही लहानशी वाडी राज्यभरातील पर्यटकांच्या वाटेवर आली. सुटीच्या दिवशी येथे गाड्यांची रांग लागते. आपली कुटुंबेही मुलांना गड दाखवायला येतात, आणि यावेच. रोपवेच्या खिडकीवर छापील दर असतो, तो आपण मुकाट्याने देतो. पाण्याच्या बंद बाटलीवर छापील किंमत असते, तिच्याशीही आपण वाद घालीत नाही. मात्र ताकाचा माठ, कोकम सरबताची बरणी किंवा मीठ-तिखट लावलेल्या काकडीची पाटी घेऊन बसलेल्या बाईसमोर उभे राहिलो की आपल्यातला काटकसरी माणूस अचानक जागा होतो. "वीस कसले? दहाला दे." तिच्या ताकावर किंमत छापलेली नसते. तिच्या मालाची किंमत तिच्या तोंडून येते, आणि तोंडाला गप्प करता येते.

या वाडीला जिचे नाव आहे, त्या हिरकणीची लोककथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती अंधारात कडा उतरली. सर्वांना तिच्यातली आई आठवते. मी मराठीचा विद्यार्थी होतो तेव्हापासून मला त्या कथेतली दुसरी गोष्ट अधिक विचारात पाडते. ती गडावर कशासाठी गेली होती? दूध विकायला. त्या विक्रीतच तिला उशीर झाला. ओझे घेऊन चढणारी, चार पैशांसाठी थांबून राहणारी आणि घरी वाट पाहणारे लेकरू असलेली विक्रेती आपण कथेत डोक्यावर घेतो. तशीच बाई पाटी घेऊन समोर बसली, की तिचे दहा रुपये कमी करून घेण्यात आपल्याला हुशारी वाटते.

येथे काही वाचक विचारतील, मग घासाघीस करणे गुनाह आहे काय? नाही. भाव ठरवण्यासाठी बोलणी करणे शरियतमध्ये जायज आहे, आणि स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती केली आहे. ह. जाबिर (रजि.) यांच्या उंटाची हकीकत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. एका मोहिमेवरून परतताना जाबिर (रजि.) यांचा उंट थकून मागे पडला होता. प्रेषितांनी (स.) तो विकत मागितला. जाबिर (रजि.) आधी तयार नव्हते. बोलणी झाली, किंमत ठरली, आणि मदीनेपर्यंत त्यावर बसून जाण्याची सवलतही ठरली. मदीनेत पोहोचल्यावर प्रेषितांनी (स.) ठरलेली किंमत चुकती करवली, वर थोडे जास्तही दिले, आणि मग उंटही जाबिर (रजि.) यांना परत केला.

ही हकीकत आपण औदार्याची गोष्ट म्हणून ऐकतो. परंतु जाबिर (रजि.) कोणत्या परिस्थितीत होते, ते पाहा. त्यांचे वडील उहुदच्या लढाईत शहीद झाले होते. मागे कर्ज होते आणि लहान बहिणींचा सांभाळ जाबिर (रजि.) यांच्यावर आला होता. अशा स्वाभिमानी तरुणाच्या हातावर सर्वांदेखत खैरात ठेवली असती तर त्याला काय वाटले असते? व्यवहाराच्या मार्गाने त्याच्या घरी पैसा पोहोचला आणि त्याची मान ताठ राहिली. मला यातून असे वाटते की समोरच्याची गरज ठाऊक असताना केलेली खरेदी ही मदतीची फार सभ्य रीत आहे. रमजानमध्ये आपण मशिदीच्या दाराशी हात पसरणाऱ्याला न मागता दहाची नोट देतो. मग उन्हात बसून कष्टाने कमावू पाहणाऱ्या बाईकडून तीच दहाची नोट काढून घेण्याचा आग्रह आपण का धरावा? हात पसरण्याऐवजी तिने काम केले, हाच तिचा अपराध काय?

विक्रेतेही धुतल्या तांदळासारखे नसतात, हे मला मान्य आहे. गाडीचा क्रमांक मुंबईचा दिसला की दुप्पट भाव सांगणारे आहेत. बंद बाटली छापील किमतीहून महाग विकणारे आहेत, आणि तो कायद्याचा सरळ भंग आहे. वरून चांगला दिसणाऱ्या धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला, आत ओलावा लागला, तेव्हा फसवणाऱ्याविषयी त्यांनी किती कठोर शब्द वापरले ते मुस्लिम शरीफमध्ये वाचावे. अशा ठिकाणी ग्राहकाने जरूर बोलावे. खिसा खरोखरच हलका असलेल्या बापाने चार मुलांसाठी भाव कमी करून मागितला तरी त्यात कमीपणा नाही. बुखारीतील हदीसनुसार विकताना, खरेदी करताना आणि येणे मागताना सौम्यपणे वागणाऱ्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या दयेची दुआ केली आहे. या दुआत विक्रेता आणि ग्राहक दोघेही आले.

परंतु आणखी एक प्रकार आहे, आणि तो आपल्याला चोरीसारखा कधीच वाटत नाही. खेड्यातून माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजाराबाहेरच गाठून, त्याला शहरातला भाव कळण्याआधी माल विकत घेण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई फिकहचे अनुयायी आहेत, त्यात अशा विक्रेत्याला बाजारात पोहोचून खरा भाव कळल्यावर सौदा मोडण्याचा अधिकार दिला आहे. अज्ञानाचा फायदा घेऊन केलेली स्वस्ताई कच्ची मानली गेली, ती यासाठी. गावाकडून परतताना रस्त्याकडेच्या बाईकडून गावठी अंडी, आमसुले किंवा मध 'मुंबईच्या निम्म्या भावात' घेतल्याचे आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा त्या बाईला मुंबईचा भाव ठाऊक होता काय, हे स्वतःला विचारून पाहावे.

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याकडे एक स्त्री रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर दिरहम मागितले. इमाम म्हणाले, हे याहून मोलाचे आहे. ती शंभर-शंभरने वाढवीत चारशेपर्यंत गेली, तरी ते नाहीच म्हणत राहिले. तिला वाटले आपली थट्टा चालली आहे. शेवटी भाव जाणणारा माणूस बोलावला गेला आणि ते वस्त्र पाचशेला घेतले गेले. आजचा कोणताही व्यापारी याला वेडेपणा म्हणेल. हा फतवा नव्हे, आणि प्रत्येक ग्राहकाने असे वागावे असे मी म्हणत नाही. पण आपल्या इमामांच्या व्यवहाराची पातळी कोठे होती, हे आपल्याला ठाऊक असावे.

गावातल्या किराणा दुकानाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. मोबाइलवरून माल मागवणे किंवा शहरातल्या मोठ्या दुकानात जाणे हलाल आहे आणि पुष्कळदा स्वस्तही पडते. पण आपण रोखीची खरेदी तिकडे करतो आणि महिनाअखेरीस पैसे संपले की वहीवर लिहून घ्यायला गावातल्या दुकानात जातो. त्याच्या वाट्याला केवळ उधारी येते. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा किती दुकानांतला माल चिखलात गेला, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. अशा दुकानदाराची उधारी थकवून दुसरीकडे सवलत मिळवणे याला मी काटकसर म्हणू शकत नाही. ऋण फेडण्याची ऐपत असून टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे हदीसमध्ये स्पष्ट आले आहे. सवलतीच्या मोहात न लागणारी वस्तू हप्त्याने घेऊन व्याज भरणाऱ्यांविषयी तर वेगळाच लेख लिहावा लागेल.

मग पैसा वाचवायचा कोठून? याचे उत्तरही ह. जाबिर (रजि.) यांच्याच एका प्रसंगात सापडते आणि तो इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये आहे. हा प्रसंग उंटाच्या हकीकतीनंतर पुष्कळ वर्षांनी घडला. जाबिर (रजि.) मांस घेऊन चालले होते. खलीफा ह. उमर (रजि.) यांनी विचारले, हे काय? जाबिर (रजि.) म्हणाले की मांस खाण्याची इच्छा झाली, म्हणून एका दिरहमचे घेतले. मांस हलाल होते, पैसा हलाल होता, भावही ठीक असावा. उमर (रजि.) यांनी त्यांपैकी कशाविषयीच विचारले नाही. शेजाऱ्यासाठी किंवा नातलगासाठी आपल्या पोटाला थोडा चिमटा घ्यावा असे तुमच्यापैकी कोणालाच वाटत नाही काय, असे त्यांनी विचारले.