भूमी माझी, जल कोणाचे ?

विहीर खणणे हे आपल्या धर्मशास्त्राने पुण्यकर्म मानले आहे. यज्ञयागादिकांस ‘इष्ट’ म्हणतात, तर विहिरी, तळी, धर्मशाळा बांधणे ह्यास ‘पूर्त’. मग स्वतःच्या अंगणात विंधन-विहीर घेणाऱ्या गृहस्थास राजशासनाने का अडवावे, असा प्रश्न आज बंगळूरमधील अनेक सज्जनांच्या मनात उभा राहतो. जागा स्वतःची, द्रव्य कष्टाचे, आणि घरात मुलाबाळांस पाणी नाही. ह्यात अधर्म तो कोणता?

विचारांती असे दिसते की, पूर्वीचे पुण्य केवळ खणण्यात नव्हते. विहीर सिद्ध झाल्यावर ‘उत्सर्ग’ नामक विधी होत असे. त्यात यजमान त्या जलावरील आपले स्वामित्व सोडून ते सर्व प्राणिमात्रांस अर्पण करी. आज खणणे तेवढे राहिले आणि उत्सर्ग लोपला.

शिवाय भूगर्भातील जल कुंपण जाणत नाही. बंगळूर नगर कठीण खडकावर वसले आहे; खडकाच्या भेगांतून जे पाणी साठते व वाहते, तेच पाणी अनेकांच्या विहिरींस मिळते. एकाने अधिक खोल जाऊन अमर्याद उपसा केला की शेजाऱ्याची विहीर कोरडी पडू शकते. १८८२ च्या ईझमेंट कायद्याने जमिनीखालील असे पाणी घेण्याचा मालकाचा हक्क मान्य केला होता. कर्नाटकाच्या २०११ च्या भूजल कायद्याने त्यास मर्यादा घातली. अधिसूचित क्षेत्रात पूर्वपरवानगीवाचून विहीर खोदता येत नाही. मार्च २०२४ मधील टंचाईत नगराच्या पाणीपुरवठा मंडळाने विनापरवाना खोदकामास पुन्हा मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये आदेश दिला की, मालकाने खोदण्यापूर्वी पंधरा दिवस लेखी सूचना द्यावी, भोवती कुंपण घालावे आणि निकामी विहीर जमिनीच्या पातळीपर्यंत भरून टाकावी. उघड्या विहिरीत पडून बालके प्राणास मुकली, म्हणून हे सांगावे लागले.

परंतु परवाना मिळाला म्हणजे धर्म साधला, असेही नव्हे. देवांनी दिलेले भोगून त्यांस काहीच न देणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी चोर म्हटले आहे. हाती परवाना असलेला मनुष्यही ह्या अर्थाने चोर ठरू शकतो. बंगळूरच्या कायद्याने २००९ पासून ठराविक आकाराच्या घरांस पर्जन्यजल साठविणे वा मुरविणे बंधनकारक केले. जो छपरावरचे पाणी भूमीस परत देतो, त्याने उत्सर्गाचा काही अंश तरी पाळला.

कोणी म्हणेल, “सारेच उपसतात; मी एकट्याने संयम पाळून काय होणार ?” ह्याचे उत्तर त्याच अध्यायात आहे. श्रेष्ठ जसा वागतो तसे इतर वागतात. गल्लीतील पहिल्या घराने परवानगी मागितली, नकार मिळाल्यास तो मानला, आणि पाणी मिळाल्यास अडल्या शेजाऱ्यास घागरभर दिले, तर दुसऱ्या घरास तसे वागणे सोपे जाते.

तहानलेल्या कुटुंबासाठी पाणी शोधणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. मात्र शेजारच्या घरीही कुटुंबच राहते, हे त्याने खोदण्यापूर्वी आठवावे.