आवाहन करणाराचा धर्म

तरुणाने सैन्यात जावे की न जावे, हा प्रश्न आपण नेहमी तरुणापुढे ठेवतो. परंतु त्याला 'ये' म्हणून हाक मारणाराचा धर्म कोणता, याचा विचार फारसा होत नाही. गीतेच्या वाचकाला तर हा प्रश्न टाळता येणार नाही. कारण गीता हे मुळी शस्त्र खाली ठेवून बसलेल्या एका वीराला केलेले आवाहनच आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. रायपूरचे सैन्यभरती कार्यालय छत्तीसगडमधील तरुणांच्या भरतीचे काम पाहते. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि २०२३ पासून आधी संगणकावरील लेखी परीक्षा व मग मैदानावरील कसोटी, अशी पद्धत आली. धमतरी-महासमुंदकडील खेड्यातल्या मुलाला ही वार्ता वेळेवर कळावी, अर्ज भरण्यास कोणी साहाय्य करावे, १६०० मीटरच्या धावेचा सराव मिळावा, यासाठी अधिक प्रयत्न व्हावयास हवेत यात दुमत नाही. प्रश्न एवढाच की, त्याच्या दारी जाऊन सांगावयाचे काय?

सामान्यतः दोन गोष्टी सांगितल्या जातात : वेतन आणि कीर्ती. वेतन सांगण्यात पाप नाही. संसार अन्नावर चालतो. पण जे आवाहन केवळ वेतनावर उभे आहे ते कसोटीच्या वेळी टिकत नाही, याची साक्ष रायपूरनेच दिली आहे. सोनाखानचे वीर नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी याच नगरीत देहदंड झाला. पुढे १८ जानेवारी १८५८ रोजी येथील पलटणीतल्या हनुमानसिंहाने आपल्या गोऱ्या अधिकाऱ्याला ठार केले, आणि २२ जानेवारीस त्याच्या सतरा साथीदारांना जाहीरपणे फाशी देण्यात आली. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. कंपनीचे वेतन त्या सर्वांना मिळत होते. परंतु धर्माचा प्रश्न उभा राहिला तेव्हा वेतनाचे बंधन तुटले.

कीर्तीचे काय? भगवंतांनीही दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला अपकीर्तीचे भय आणि स्वर्गाचा लाभ सांगितला, हे खरे. पण ते तेथे थांबले नाहीत. लगेच पुढे त्यांनी सुखदुःख, लाभहानी, जय-पराजय समान मानून कर्म करण्यास सांगितले. अर्जुन शंका विचारीत गेला. घोर कर्माला मला का लावता, असेही त्याने विचारले. त्याबद्दल भगवंतांनी त्याला गप्प केले नाही. शेवटी अठराव्या अध्यायात, सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल ते कर, असा निर्णय त्याच्याच हाती सोपविला. आणि हे सांगणारे दूर कोठे सुरक्षित बसले नव्हते. त्याच रथावर, घोड्यांचे लगाम हाती धरून, येणारे बाण अंगावर घेत होते.

यातून आवाहन करणाराचे तीन नियम निघतात. सत्य पूर्ण सांगावे. स्वतः जवळ उभे राहावे. निर्णय ऐकणाराचा असू द्यावा.

१९१८ साली गीतेचे दोन थोर उपासक याच प्रश्नाला सामोरे गेले. महायुद्धासाठी सरकारला हिंदी सैनिक हवे होते. 'गीतारहस्या'चे कर्ते लोकमान्य टिळक यांचे म्हणणे असे की, हिंदी तरुणाला अधिकाऱ्याचे पद मिळेल असे वचन सरकारने द्यावे. तसे वचन गांधीजींनी मिळविल्यास महाराष्ट्रातून पाच हजार सैनिक देतो, अशी पैज घालून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठविला. सेवेला अट नसावी, या विचाराने गांधीजींनी तो परत केला. ते स्वतः खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी हिंडले. काही महिन्यांपूर्वी सत्याग्रहात ज्या लोकांनी फुकट गाड्या दिल्या होत्या, तेच आता भाड्यानेही गाडी देईनात. अहिंसेचा पुरस्कर्ता शस्त्र घ्या कसे म्हणतो, असे लोक विचारीत, आणि गांधीजी उत्तर देत. शेवटी प्रकृती ढासळून ते अंथरुणाला खिळले.

दोघांत कोण बरोबर, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. ज्याला बोलवावयाचे त्याचा मान काय राहील, हे टिळकांनी आधी विचारले. ज्यांना बोलवावयाचे त्यांच्या दारी गांधीजी स्वतः गेले. बोलावणे हे जोखमीचे काम आहे, हे दोघांनीही जाणले होते.

आता आजचे पूर्ण सत्य काय ते पाहू. २०२२ च्या जाहीर अटींप्रमाणे अग्निवीराची सेवा चार वर्षांची आहे. पहिल्या वर्षी मासिक तीस हजार रुपये, त्यातील तीस टक्के सेवानिधीत जमा. चार वर्षांनी सरकारच्या तितक्याच भरीसह सुमारे दहा लाख रुपये आणि त्यावरील व्याज मिळते. निवृत्तिवेतन नाही. पुढील सेवेत पंचवीस टक्क्यांपर्यंतच तरुण घेतले जातात. सेवेत मृत्यू आल्यास अठ्ठेचाळीस लाखांच्या विम्याची तरतूद आहे. शेवटचे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते; तरी तेही मुलासमोर आणि त्याच्या आईसमोर उच्चारले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, इतके सांगितले तर येईल कोण? उत्तर असे की, हे सर्व ऐकून जो येईल तोच खरा आलेला. अर्धे सत्य ऐकून आलेला मुलगा उरलेले अर्धे सत्य सीमेवर, एकटा असताना शिकतो. त्या वेळी हाक मारणारा त्याच्याजवळ नसतो.

ही हाक अकस्मातही नसावी. बिलासपूर येथे १८७२ साली जन्मलेले डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोंसला सैनिकी विद्यालय काढले, ते आधी शिक्षण आणि मग आवाहन या विचाराने. १९४८ पासूनची राष्ट्रीय छात्रसेना आणि अंबिकापूरची सैनिक शाळा हीही तीच वाट. कवायतीची, शिस्तीची आणि कष्टाची ओळख शाळेच्या वयात झाली म्हणजे मुलगा मोहाने नव्हे, जाणून निर्णय घेतो.

गृहस्थहो, आपलाही यात भाग आहे. रायपुरात भोसल्यांच्या काळापासून मराठी घरे आहेत. त्या घरांत काय, देशभरच्या सुस्थित घरांत काय, सैनिकाचा गौरव पुष्कळ होतो, पण स्वतःच्या मुलाचे नाव निघाले की स्वर बदलतो. प्रत्येकाने मुलगा पाठवावाच, असे गीता सांगत नाही. स्वभाव आणि स्वधर्म पाहावयास सांगते. परंतु स्वतःच्या मुलासमोर जे बोलवत नाही, ते शेजारच्या गरीबाच्या मुलाला उत्साहाने सांगू नये. भरतीचे वय साडेसतरापासून आहे. अठरा पूर्ण नसतील तर कागदावर पालकाची सही लागते. ती सही करण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून त्याच्या सर्व शंका ऐकाव्यात, आणि शंका म्हणजे भ्याडपणा असे मानू नये.

आणि चार वर्षांनी जे तिघे-चौघे गावी परततील, त्यांना काम, मान आणि घरात जागा देणे हाही त्या आवाहनाचाच उत्तरार्ध आहे. जाताना हार घालणाऱ्या हातांनी परतताना दार उघडावे, एवढे तरी आपणांकडून घडो.