दाताखालचा खटका

मराठी माणसानं आपल्या दातांकडून आजवर पुष्कळ कामं करून घेतली आहेत. तो दात विचकतो, रागानं दात-ओठ खातो, शेजाऱ्याची बढती झाली की त्याच्यावर दात धरतो आणि संधी मिळताच दुसऱ्याचे दात त्याच्याच घशात घालतो. परंतु दातांनी फोटो काढावा हे काही आपल्या पूर्वजांना सुचलं नाही. ते सुचलं विमानातून खाली उड्या मारणाऱ्या मंडळींना. एवढं सुखरूप विमान सोडून बाहेर पडायचं ज्यांना सुचतं, त्यांना काहीही सुचू शकतं म्हणा!

प्रकार असा आहे. विमान तेरा-चौदा हजार फुटांवर गेलं की माणसं दारातून बाहेर पडतात आणि पॅराशूट उघडेपर्यंत सुमारे मिनिटभर, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगानं नुसती खाली येत राहतात. त्यांचे फोटो काढणारा गृहस्थही त्यांच्या समोर तितक्याच वेगानं पडत असतो. आता तुम्ही म्हणाल, पडण्याशिवाय दुसरं काम नाही, तर हात मोकळेच असतील की! तिथंच आपण चुकतो. त्या मिनिटात त्याचे हात हे हात नसतात, पंख असतात. दंड आणि कूस यांच्यामध्ये कापडाचे पडदे शिवलेला पोशाख घालून, हात थोडे पसरून नि थोडे आवळून तो आपला वेग समोरच्याच्या वेगाशी जुळवत असतो. बटण दाबायला एक हात वर नेला, की स्वारी गिरकी घेऊन भलतीकडेच. म्हणून कॅमेरा हेल्मेटवर पक्का बसवलेला, नेम धरायला एका डोळ्यापुढे एक कडी, आणि खटका तोंडात. तिथून वायर कॅमेऱ्याला. खटका चावला की फोटो निघाला. कुणाचा खटका जिभेनं दाबायचा असतो, तर कुणी नळीत फुंकर मारतो. चलच्चित्र चालू आहे की नाही ते कळावं म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यात एक इवलासा दिवा.

हे सारं ज्ञान मला झालं ते भाच्याच्या कृपेनं. तो कॅलिफोर्नियात असतो. तिथं पेरिस नावाचं एक गाव आहे आणि ते अशा उड्यांसाठी प्रसिद्ध आहे. भाच्यानं पेरिसला उडी मारली हे ऐकून आमच्या अक्कानं आधी 'फ्रान्सला कशाला गेला होतास?' म्हणून विचारलं आणि उडीचा अर्थ कळल्यावर फ्रान्स परवडलं असतं असं जाहीर केलं. पहिली उडी, त्यामुळे तो शिकवणाऱ्याच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधलेला. समोर हा दातानं फोटो काढणारा. फोटो आले. एकूण एक फोटोत भाच्याचं तोंड पडजीभ दिसेपर्यंत उघडलेलं आहे. माझ्या मनात आलं, काय वाटणी आहे बघा! जो ओरडतोय त्याचं तोंड मोकळं, आणि जो पाहतोय त्याचं तोंड कामात गुंतलेलं. चार किलोमीटर उंचीवरून पृथ्वी पाहून त्याला साधं 'अबब' म्हणायची सोय नाही.

त्या फोटोंत एक फोटो मात्र निराळा होता. त्यात भाचा नाही, शिकवणारा नाही; कोपऱ्यात बुटाचं टोक आणि बाकी सगळं आभाळ. हा फोटो काढला कुणी? म्हणजे दात त्या गृहस्थाचेच. पण त्यानं काढला, की दचकून दात आवळले गेले तेव्हा निघाला? बोटानं बटण दाबताना निदान मनाची परवानगी घेतल्यासारखं वाटतं. दातांचं तसं नाही. भीतीनं दातखीळ बसते, थंडीनं दात वाजतात, संतापानं आवळतात. त्यातलं काहीच आपल्याला विचारून होत नाही. मग ज्या खटक्याला इच्छा आणि धसका यांतला फरकच कळत नाही, त्यानं केलेल्या कृत्याचा कर्ता कोण?

आमचे शेजारी तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. निवृत्तीमुळे त्यांचा तर्क अधिकच मोकाट सुटला आहे. ते म्हणाले, "अहो, सोपं आहे. त्यानं जमिनीवर असताना तो खटका स्वखुशीनं तोंडात धरला ना? मग पुढचे सगळे फोटो त्याचेच. बुटाचासुद्धा." उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच मला पटलं नाही. या हिशेबानं माणसानं लग्नात 'सावधान' ऐकूनही उभं राहायचं ठरवलं, की पुढच्या चाळीस वर्षांतला प्रत्येक शब्द त्यानं विचारपूर्वक उच्चारला असं ठरतं. (हे मी प्राध्यापकांना म्हणालो नाही. वहिनी चहा घेऊन येत होत्या.)

शिवाय त्या धंद्यातल्या लोकांचा स्वतःचा माणसाच्या इच्छेवर फारसा विश्वास दिसत नाही. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनची शिफारस आहे, की किमान २०० उड्या झाल्याखेरीज कुणी कॅमेरा लावून उडी मारू नये. म्हणजे उंचीवर लक्ष ठेवणं, वेळेवर पॅराशूट उघडणं ही जिवावरची कामं आधी अंगवळणी पडू देत. मग मन कॅमेऱ्याला उसनं द्या. आम्हांला लहानपणापासून शिकवलं ते उलट: सवय ही हलक्या दर्जाची, विचार हा थोर. इथं जीव सांभाळायचं थोर काम सवयीकडे आणि विचाराकडे काय, तर फोटो! १९७९ च्या 'मूनरेकर' या बाँडपटाच्या सुरुवातीला आकाशातली मारामारी आहे. पडद्यावर दोनेक मिनिटांची. तिच्यासाठी ८८ उड्या माराव्या लागल्या. तिथंही कॅमेरा हेल्मेटवरच होता. (त्या मारामारीत पोलादी दातांचा एक खलनायकही आहे. त्याच्या तोंडी खटका दिला असता तर भुगाच झाला असता.) अठ्ठ्याऐंशीव्या खेपेलाही चित्राचीच काळजी करता यावी, म्हणून बाकीचं सगळं शरीरानं न विचारता करायचं.

पण सवय तरी किती विश्वासाची? एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, लुइसबर्ग इथं, एक अनुभवी गृहस्थ इतरांचं चित्रण करण्यासाठी विमानातून बाहेर पडला. त्याच्या आठशेहून अधिक उड्या झाल्या होत्या. हेल्मेटवर कॅमेरा होता, तो चालू होता, पाठीवर रेकॉर्डरचं ओझं होतं. पॅराशूट नव्हतं. ते घालायचंच राहून गेलं होतं. पाठीवरचं वजन हेच पॅराशूट असं शरीराला वाटलं असावं, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. ही हकीकत वाचल्यापासून प्राध्यापकांशी वाद घालण्यातली माझी गंमत निम्मी गेली. त्यानं दुसऱ्यांची उडी टिपायची म्हणून सारं लक्ष तिकडे दिलं होतं, आणि आपली उडी सवयीवर सोपवली होती. सवय आठशे वेळा बरोबर ठरली होती.

मी हे प्राध्यापकांना सांगितलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला विमानात चढताना दुसऱ्या कुणीच कसं पाहिलं नाही हो?" तर्कशास्त्राच्या माणसाकडून मला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. हेल्मेटवर कॅमेरा असलेल्या माणसाकडे बघायचं काय, तोच आपल्याकडे बघणार, असं बाकीच्यांना वाटलं असेल, हे माझं आपलं अनुमान.

भाच्याला ते वेड आता चांगलंच लागलं आहे. स्वतः कॅमेरा लावून उडायचं म्हणतो. मी त्याला फोनवर लुइसबर्गची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "मामा, ती आम्हांला पहिल्याच आठवड्यात सांगतात." आतापर्यंत त्याच्या अकरा उड्या झाल्या आहेत. अक्काला मी २०० उड्यांचा नियम समजावून सांगितला. तिनं लगेच वजाबाकी केली आणि दूधवाल्याचे हिशेब असतात त्या कॅलेंडरवर १८९ हा आकडा लिहून ठेवला. दर रविवारी त्याचा फोन आला, की ती आधी जेवलास का म्हणून विचारते आणि मग पेन्सिल हातात घेते.