दार उघडलं, पण हात थांबेनात



आजचं वाचन: गीता, अध्याय 4, श्लोक 16 ते 18. कर्म, विकर्म आणि अकर्म हे तीन शब्द इथे एकत्र येतात. कर्माची गती गहन आहे, असं भगवंत इथेच सांगतात. मी हे श्लोक वाचत होतो आणि डोळ्यांसमोर सारखा माझा मावसभाऊ येत होता.

भाऊ आमच्या अमळनेर तालुक्यातला. एमपीएससीसाठी पुण्याला गेला आणि सात वर्षं सदाशिव पेठेत राहिला. कॉट बेसिसवरची खोली, मेस, अभ्यासिका. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला. शेवटी वयाची मर्यादा संपली आणि तो गावी परत आला. आता परीक्षा नाही, फॉर्म नाही, निकालाची धाकधूक नाही. म्हणजे सुटलाच की! पण तो अजूनही पहाटे साडेचारला उठायचा, पेपर उघडायचा, हायलायटरने अग्रलेख रंगवायचा आणि वहीत मुद्दे काढायचा. मावशी दारात उभी राहून विचारायची, "आते परीक्षा नही शे, मंग कसाले लिखस रे भाऊ?" त्याच्याकडे उत्तर नसायचं.

असाच एक माणूस मला कादंबरीत भेटला होता. चार्ल्स डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' ही 1859 सालची कादंबरी. त्यातले डॉक्टर मॅनेट पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगात 18 वर्षं काढून बाहेर येतात. बाहेर म्हणजे कुठे, तर एका माळ्यावरच्या अंधाऱ्या खोलीत. तिथेही ते बाकावर वाकून जोडे शिवत बसलेले. नाव विचारलं तर कोठडीचा नंबर सांगतात. तुरुंगात हे काम त्यांनी स्वतःच मागून घेतलं होतं. बोटं गुंतली की डोक्यातला छळ थोडा थांबायचा. ज्या कामाने त्यांना तगवलं, त्याच कामाने पुढे त्यांना धरून ठेवलं. कुलूप निघालं, बाक निघाला नाही.

आता आपल्या धुळ्याकडे या. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, ओळीने 18 रविवार, त्यांनी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेवर बोलणं केलं. दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजीही तिथेच कैदेत होते. त्यांनी ते सगळं भराभर लिहून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. चौथ्या अध्यायाचा रविवार होता 13 मार्चचा. विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म, असा अर्थ पुष्कळ भाष्यकार घेतात. विनोबांनी तो वेगळा लावला. हातांनी करायचं ते कर्म. त्याला आतून मनाची जी साथ मिळते ते विकर्म. दोन्ही एकजीव झाली की कामाचं ओझं उरत नाही, ते अकर्म.

हे ऐकणारे सगळे कैदी होते हे लक्षात घ्या. हाताला काम होतं, दिवस मोजलेले होते आणि बाहेर जायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 1933 मध्ये, गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तीही अवघ्या पाच दिवसांत. मॅनेट यांचे हात कोठडीत चालत होते आणि गुरुजींचेही. मग फरक कशात? मला वाटतं, काम कोणाकडे तोंड करून चाललंय त्यात. जोडे कोणासाठीच नव्हते. ते फक्त आठवण झाकायला होते. गुरुजींच्या लिहिण्यासमोर आई होती, आणि पुढे वाचणारी असंख्य मुलं.

मॅनेटही सावरतात ते असेच. मुलगी ल्यूसी त्यांना घरी नेते. तिच्या सोबतीने हळूहळू ते पुन्हा डॉक्टर होतात, रोगी तपासू लागतात.

पण थांबा, गोष्ट इतकी सरळ नाही. ल्यूसीचं लग्न होतं आणि त्याच दिवशी डॉक्टर पुन्हा जोडे शिवायला बसतात. नऊ दिवस! त्यांचे मित्र लॉरी रागावत नाहीत, उपदेश करत नाहीत. नुसते शेजारी बसून राहतात. डॉक्टर भानावर आल्यावर, जणू दुसऱ्याच रोग्याबद्दल सल्ला विचारावा तसं त्यांच्याशी बोलतात. तो बाक काढून टाकायचा, तर तेही डॉक्टरांची संमती घेऊन. ती मिळते ल्यूसीच्या नावाने. आणि पुढे मोठं संकट आलं, की डॉक्टर पुन्हा तोच बाक मागतात.

म्हणून, 'भक्ती खरी असती तर माणूस परत खचला नसता' असं कोणाला म्हणू नका. स्वतःलाही म्हणू नका. ज्या गुरुजींनी हजारोंना धीर दिला, त्यांनीच 11 जून 1950 ला स्वतःचं आयुष्य संपवलं. हे लिहिताना हात जड होतो. पण ते टाळून सकारात्मक पोस्ट लिहिणं मला खोटं वाटतं. आतला अंधार हे भक्तीच्या परीक्षेतले कमी मार्क नव्हेत. तुमच्यापैकी कोणाचं मन सध्या तसं जड असेल, तर नामस्मरण कराच, पण एखाद्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडेही जा. लॉरी शेजारी बसू शकले, कारण त्यांना माहीत होतं.

आणि भाऊ? मावशीने त्याच्या वह्या रद्दीत दिल्या नाहीत. एक दिवस शेजारचा नववीतला मुलगा पेपरमधला एक शब्द विचारायला आला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. आता ओट्यावर रोज सहा-सात पोरं बसतात. पेपर तोच, हायलायटर तोच, वहीसुद्धा तीच. काही सकाळी तो अजूनही दार लावून घेतो. पोरं ओट्यावर वाट बघतात. मग कधीतरी दार उघडतं.

आजचा प्रश्न: मी रोज सवयीने जे काम करतो, ते कोणासाठी आहे? उत्तर सुचलं नाही तर घाबरू नका. त्या कामाजवळ एका माणसाला जागा करून बघा.

उद्या श्लोक 19.

राम कृष्ण हरी!