ओळख देणारा

माणसाला स्वतःची ओळख स्वतः देता येत नाही, हे थोर सत्य मला कुठल्या ऋषीने सांगितले नाही. ते मला बँकेच्या काउंटरवर कळले. समोर साडेपाच फुटांचा जिताजागता गृहस्थ उभा असायचा, स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचा, आणि आम्ही म्हणायचो, "ते ठीक आहे हो, पण तुम्हाला ओळखतं कोण?"

खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. तो फॉर्मवर सही करी, आपला खातेनंबर लिही. ती सही आमच्याकडच्या नमुन्याशी जुळली, की समोरचा गृहस्थ अस्तित्वात आला! अख्ख्या गल्लीला कोपऱ्यावरच्या एका किराणावाल्याने असे अस्तित्व दिलेले असे. पुढे कागदपत्रांचे राज्य आले आणि ओळख देणारा गेला. मला वाटले, कायमचा गेला.

कसला जातोय! त्याने फक्त धंदा बदलला. माझा भाचा पुण्यात प्रोग्रॅमर आहे. नव्या साइटवर शिरताना तो नाव-गाव काही सांगत नाही. ‘गिटहबद्वारे प्रवेश’ असे बटण दाबतो, की आत. गिटहब म्हणजे प्रोग्रॅमर मंडळी आपला कोड ठेवतात ते गोदाम. २००८ साली सुरू झालेले.

"अरे, पण कोडाच्या गोदामाचा आणि दुसऱ्याच्या दाराचा संबंध काय?"

"मामा, ती साइट मला आधी गिटहबच्या दारात पाठवते. पासवर्ड मी तिथेच देतो. मग गिटहब साइटला एक चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी दाखवून साइट विचारते, हा कोण? गिटहब सांगतं. माझा पासवर्ड साइटला दिसतसुद्धा नाही."

म्हणजे किराणावालाच की हा! फक्त गल्लीऐवजी जगाचा.

सोय मोठी आहे, नाही कशाला म्हणा? वीस दारांना वीस तकलादू कुलपे लावून किल्ल्या डायरीत लिहून ठेवण्यापेक्षा एक भक्कम कुलूप बरे. आणि कोड टाकणाऱ्यांना गिटहबने २०२३ पासून दुहेरी पडताळणी सक्तीची करायला घेतली, म्हणजे कुलूप भक्कमच म्हणायचे.

गंमत अशी, की ही चिठ्ठी मुळात ओळखीची नव्हेच. तिचे नियम, ओऑथ २.०, २०१२ साली छापले गेले ते परवानगीसाठी: ‘या गृहस्थांना माझी अमुक वही बघू द्यावी’, एवढ्यापुरते. खास ओळखीसाठी ओपनआयडी कनेक्ट ही वेगळी जोड २०१४ साली आली. पण गिटहबच्या बटणामागे चालते ती परवानगीचीच चिठ्ठी. यात आपण हसावे असे काही नाही. रेशनकार्ड निघाले साखरेसाठी आणि आपण ते पत्त्याचा पुरावा म्हणून जन्मभर वापरले!

आता नावाचे बघा. गिटहबवर नाव बदलता येते आणि सोडलेले नाव दुसरा कोणीही उचलू शकतो. म्हणून शहाणी साइट नावावर विसंबत नाही, खात्याचा न बदलणारा नंबर लिहून ठेवते. हे ज्ञान आम्हां कारकुनांना जुनेच. एका शाखेत एकाच नावाचे पाच खातेदार असले, की नावाचा भरवसा आपोआप उडतो.

इथवर सगळे व्यवहाराचे झाले. खरा प्रश्न नीतीचा आहे, आणि आम्ही कॉमर्सवाले सहसा त्या वाटेला जात नाही. जो ओळख देतो, त्याला ती काढून घेण्याचा हक्क आहे का?

किराणावाल्याने सही केली ती एकदाच. पुढे उधारीवरून तुमचे त्याचे फाटले, तो दुकान विकून गावी गेला, अगदी वारला, तरी तुमचे खाते चालूच. पहिल्या दिवशी त्याच्या सहीवर आत आलात, दुसऱ्या दिवसापासून तुमच्या सहीवर. गिटहबचे तसे नाही. चिठ्ठीची मुदत सरली की पुन्हा त्याच्याच दारात. आणि या किराणावाल्यालाही मालक आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते गोदाम साडेसात अब्ज डॉलरला घेतले. त्याच्यावर सरकारही आहे. २०१९ च्या जुलैत अमेरिकेच्या निर्बंधांपायी गिटहबला इराण, सीरिया, क्रायमिया इथल्या लोकांच्या खात्यांवर बंधने घालावी लागली. इराणवाल्यांची सुटका झाली २०२१ च्या जानेवारीत. त्या प्रोग्रॅमरांनी काय केले होते? काही नाही. ते चुकीच्या पत्त्यावर राहत होते.

ज्याच्या एका शब्दावर वीस दारे उघडतात, त्याच्या एका मौनाने वीसही बंद होतात. वाईट माणसाच्याच नव्हे, भल्या माणसाच्या मौनानेही.

म्हणून माझे मत असे. दुसऱ्याच्या शब्दावर पाहुण्याला घरात घेणे यात गैर काही नाही. सगळे जग तसेच चालते. पण घेतल्यावर त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखू लागणे, त्याच्यासाठी दुसरी एखादी किल्ली ठेवणे, हे यजमानाचे कर्तव्य आहे. आणि ती किल्ली मागून घेणे हे पाहुण्याचे.

सासुरवाडीच्या गावात पहिल्या दिवाळीला आपण ‘अमक्यांचे जावई’ असतो, ते शोभतेही. विसाव्या दिवाळीलाही तेच असलो, तर दोष एकट्या सासऱ्यांना देऊन चालायचे नाही!